पोलादाची सगळ्यात कच्ची जागा

स्टेनलेस स्टीलची कुठलीही वस्तू हातात आली की मी ती आधी उलटी करते. कडा बघते, वेल्डचे सांधे बघते, तळाचे कोपरे बघते. चकचकीत दर्शनी बाजू बघायची सवयच राहिली नाही. भोसरीच्या एमआयडीसीत धातूंच्या चाचण्या करण्यात माझ्या नोकरीची वर्षं गेली आणि त्यांतला मोठा भाग एकाच प्रश्नामागे गेला: या पोलादाला खड्डे कधी पडतील? आमच्या धंद्याच्या बोलीत सांगायचं तर, पिटिंगला हे किती टिकेल? उत्तर शोधता शोधता जे उमगत गेलं, त्यातलं थोडं इथे लिहिते आहे.

१.
स्टेनलेसचं दुखणं वजनात सापडत नाही. साधं लोखंड गंजतं ते उघडपणे, सगळ्या अंगाने. वर्षाला अमुक इतकं झिजेल असा हिशेब मांडता येतो आणि डिझाइन करतानाच तेवढी जाडी जास्त धरता येते. स्टेनलेसच्या टाकीला गळती लागली आणि अख्खी टाकी तोलून पाहिली, तरी काट्याला फरक कळायचा नाही. गेलेला धातू काही ग्रॅमच असतो, पण तो सगळा एकाच जागेवरून गेलेला असतो. हे पुस्तकातून ठाऊक होतं. मनावर ठसलं ते मामांच्या टाचणीमुळे. मामा म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने लॅब असिस्टंट. द्रावणातून काढलेला नमुना ते नायलॉनच्या ब्रशने घासतात, धुतात, वाळवतात, आणि भिंगाखाली धरून प्रत्येक काळ्या ठिपक्यावर टाचणीचं टोक हलकेच टेकवतात. ठिपका दिसायला टोकापेक्षा मोठा नसतो. टोक टेकलं की वरचा पापुद्रा फुटतो, टाचणी आत जाते, आणि आतली पोकळी तोंडाच्या कितीतरी पट रुंद निघते. "बाहेरनं काय कळत नाही बघा मॅडम," मामा म्हणतात आणि पुढच्या ठिपक्याकडे वळतात. त्या पापुद्र्याखालची खोली मोजायला लागल्यापासून नुसत्या नजरेने दिलेला निर्वाळा मी मानेनाशी झाले.

२.
स्टेनलेसचं गंजाला टिकणं ज्याच्या भरवशावर उभं आहे तो थर दोन-तीन नॅनोमीटरचा असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पोलादात साधारण १०.५ टक्क्यांच्या वर क्रोमियम गेलं की हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून हा थर आपोआप बसतो. शेफील्डच्या हॅरी ब्रियर्लीने १९१३ मध्ये बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी करण्यासाठी १२.८ टक्के क्रोमियमचं पोलाद ओतलं, तेव्हा ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायला नेहमीचं आम्ल लावलं तर लागेना. व्हिनेगर आणि लिंबाच्या रसालाही त्याने दाद दिली नाही. तिथून सुरीकाट्यांपर्यंत आणि पुढे रसायनांच्या टाक्यांपर्यंतचा प्रवास झाला.

मला मात्र अजूनही थक्क करतो तो या थराचा स्वभाव. पोटेन्शियोस्टॅटला नमुना जोडून व्होल्टेज हळूहळू वाढवत नेलं की आलेखावर करंटची रेघ बराच वेळ खाली आडवी चालते. मोठा खड्डा पडला की ती एकदम वर जाते. त्या बिंदूला आम्ही पिटिंग पोटेन्शियल म्हणतो आणि रिपोर्टात तोच आकडा जातो. पण रेघ मोठी करून बघावी. त्या बिंदूच्या बऱ्याच आधीपासून तिच्यावर बारीक बारीक उसळ्या दिसतात. करंट चढतो, एखाद-दोन सेकंद टिकतो आणि खाली येतो. प्रत्येक उसळी म्हणजे पडायला लागलेला आणि बुजलेला एक खड्डा. आपल्याला धड दिसणाऱ्या त्या पत्र्यावर असं फाटणं आणि सांधणं सतत चाललेलं असतं. पहिल्यांदा हे नीट पाहिलं त्या दिवसापासून 'गंजरोधक' हा शब्द मी स्थिर गुणासारखा वापरलेला नाही.

३.
खड्डा एकदा धरला की तो आपलं पाणी आपणच बनवतो. आत धातू विरघळतो, त्याचे आयन पाण्याशी क्रिया करतात आणि आम्ल तयार होतं. विद्युतभार सांभाळायला बाहेरचा क्लोराइड आत ओढला जातो. क्लोराइड वाढला, आम्ल वाढलं, की धातू आणखी वेगाने विरघळतो. बाहेरचं पाणी बेतास बात खारट असेल, चवीला कळणारही नाही. खड्ड्याच्या तळाशी मात्र दाट, आंबट, मिठाळ द्रावण साचलेलं असतं. म्हणून 'आमचं पाणी तर चांगलं आहे' असं कोणी म्हटलं की मी ते खरं मानते आणि तरीही नमुना मागते.

४.
मीठ स्टीलला बाधतं, हे ज्ञान आमच्या घरच्या बायकांना प्रयोगशाळेच्या आधीपासून होतं. आईने मीठ कधी स्टीलच्या डब्यात ठेवलं नाही. ते चिनी मातीच्या बरणीत. लोणचंही तसंच. दमट हवेत मीठ पाझरतं, पत्र्यावर खारं पाणी धरून राहतं आणि डब्याच्या तळाला बारीक टोचे पडतात. पातेल्यात मीठ पाणी उकळल्यावर घालावं, असं भांड्यांबरोबरच्या सूचनापत्रात लिहितात त्यामागेही हेच आहे. गार पाण्यात घातलेले खडे तळाशी बसून राहतात आणि त्या जागी पाणी अतिशय खारं होतं, शिवाय गार पाण्यात ऑक्सिजनही भरपूर असतो. उकळत्या पाण्यात मीठ चटकन विरघळून पसरतं आणि ऑक्सिजनही बराचसा निघून गेलेला असतो. पातेल्याच्या बुडाला उमटलेले ते फिकट ठिपके घासून जात नाहीत, कारण ते डाग नसतात.

५.
मला वाटायचं, या खेळात सगळ्यात मोठा हात क्लोराइडचा. तापमानाचं वजन केवढं आहे ते चाचण्या करता करता कळत गेलं. १९७३ मध्ये कॅनडात ब्रिगहॅम आणि टोझर यांनी पिटिंगचा निकष म्हणून थेट तापमानच धरावं असं मांडलं. एका ठरावीक तापमानाच्या खाली व्होल्टेज कितीही चढवलं तरी टिकाऊ खड्डा पडत नाही, आणि ते ओलांडलं की थोड्याच अंशांच्या फरकाने पोलाद हात टेकतं. हे क्रिटिकल पिटिंग टेम्परेचर, म्हणजे सीपीटी, मोजण्याची विद्युत पद्धत एएसटीएम जी १५० या मानकात दिली आहे. एक मोलर मिठाचं पाणी, कॅलोमेल इलेक्ट्रोडच्या तुलनेत ७०० मिलिव्होल्ट, मिनिटाला एक अंश या गतीने चढतं तापमान. आणि करंट प्रत्येक चौरस सेंटिमीटरला १०० मायक्रोअँपिअरच्या वर जाऊन साठ सेकंद टिकला की तिथे खूण करायची. या चाचणीत ३०४ जातीचं स्टेनलेस दहा अंशांच्या आतच बाद होतं. ३१६ एल वीस अंशांच्या आसपास, २२०५ डुप्लेक्स पन्नासच्या आसपास, आणि सहा टक्के मॉलिब्डेनमचं २५४ एसएमओ पंचाऐंशीच्या पुढेमागे.

हे आकडे पहिल्यांदा ओळीने लिहिले तेव्हा मी बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले होते. दिसायला चारही पत्रे सारखे. बाजारात चौघांना स्टेनलेसच म्हणतात. पहिल्यात आणि शेवटच्यात पंचाहत्तर अंशांचं अंतर.

६.
चाचणी काय विचारते आहे, हे कळल्याशिवाय तिचं उत्तर वाचता येत नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी फेरिक क्लोराइडच्या चाचणीला, एएसटीएम जी ४८ च्या 'ए' पद्धतीला. सहा टक्क्यांचं तपकिरी-केशरी द्रावण गाळून घ्यायचं, काचेच्या पाळण्यात नमुना ठेवायचा, २२ अंशांच्या बाथमध्ये ७२ तास. शुक्रवारी दुपारी तीनला बुडवला की सोमवारी दुपारी तीनला काढायचा. कित्येक शनिवार-रविवार मन त्या बाथपाशीच असे. ही चाचणी गरीब प्रयोगशाळेलाही परवडते. फेरिक आयन स्वतःच पोलादाला वरच्या पोटेन्शियलला नेऊन ठेवतात, आम्ल आणि क्लोराइड त्यातच आलं, त्यामुळे महागडं यंत्र लागत नाही.

पण ती फार कडक आहे. चांगल्यातलं चांगलं ३१६ एलही तिथे २२ अंशांना टोचून निघतं. मग फोन येतो, "मॅडम, सर्टिफिकेट ओके आहे, पीएमआय ओके आहे, आणि तुमच्याकडे फेल कसं?" (पीएमआय म्हणजे साइटवर यंत्राने केलेली मूलद्रव्यांची तपासणी.) तेच ३१६ एल दुधाच्या प्लांटमध्ये नीट धुतलं-पुसलं तर वर्षानुवर्षं उत्तम चालतं. फेरिक क्लोराइड पोलादांची क्रमवारी लावतं, घाऊक चुका पकडतं, डुप्लेक्सची उष्णताप्रक्रिया बिघडली असेल तर ती उघडी पाडतं. तुमच्या टाकीत ते पोलाद किती वर्षं टिकेल, हे ते सांगत नाही, आणि ते स्टँडर्डही तसा दावा करत नाही. हे फोनवर समजावून सांगताना समोरच्याचा चढलेला आवाज उतरायला वेळ लागतो. तो वेळ मी देते. त्याचे पैसे अडकलेले असतात.

७.
नमुना धरायचा कशाने, हा प्रश्न मला आधी किरकोळ वाटला होता. त्याने तर भल्याभल्यांना घाम फोडलेला आहे. विद्युत चाचणीत नमुन्याचा ठरावीक भागच पाण्याला लागू द्यायचा असतो, म्हणून रबराची रिंग किंवा लाखेसारखा लेप लावतात. पण रिंगखालच्या फटीत पाणी अडकतं आणि फटीतला गंज पिटिंगपेक्षा लवकर सुरू होतो. म्हणजे आपण पोलाद मोजायला बसतो आणि मोजून होते ती रिंग. स्वीडनमध्ये क्वार्फोर्ट यांनी १९८८ साली यावर जो तोडगा मांडला तो आजही 'अ‍ॅव्हेस्टा सेल' म्हणून वापरतात. सीलच्या जागी गाळणकागदाची कडी ठेवायची आणि तिच्यातून सतत शुद्ध पाणी हळूहळू झिरपत ठेवायचं. फटीत क्लोराइडच नाही, तर फट गंजणार कशी? या सेलची पहिली आकृती पाहिली तेव्हा मला अतिशय आनंद झाला होता. इतकी साधी, सोज्वळ युक्ती. कोणी तरी रिंगखालच्या त्या ओल्या रेषेकडे चिकाटीने पाहत राहिल्याशिवाय ती सुचली नसती.

८.
एकाच पत्र्यातून कापलेले नमुने एकसारखं उत्तर देत नाहीत, आणि तसं देऊही नये. नव्याने आलेली मुलं इथे हमखास अडखळतात. पाच नमुने, पाच पिटिंग पोटेन्शियल, आणि त्यांत शंभर मिलिव्होल्टची तफावत. "मॅडम, यातला कुठला धरायचा?" घासायच्या कागदाचा ग्रेड बघ, द्रावण बघ, त्यातून नायट्रोजन किती वेळ सोडला ते बघ, हे सगळं मी सांगतेच. सगळं तंतोतंत पाळलं तरी तफावत उरते. १९७७ मध्ये शिबाता आणि ताकेयामा या जपानी संशोधकांनी ठामपणे म्हटलं की हा विस्कळीतपणा पिटिंगच्या मुळातच आहे. खड्डा कुठे आणि कधी धरेल हे शक्यतेचं गणित आहे, तेव्हा उत्तरही शक्यतेच्याच भाषेत द्यावं.

यातूनच दुसरी गोष्ट निघते आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. आपण मोजतो ती पोलादाची सरासरी ताकद नसते, सगळ्यात कच्च्या जागेची ताकद असते. पृष्ठभाग मोठा झाला की त्यात आणखी कच्ची जागा सापडण्याची शक्यता वाढते. माझा नमुना २५ बाय ५० मिलिमीटरचा, टाकी शेकडो चौरस मीटरची. १९५६ मध्ये अझीझ यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या खड्ड्यांवर टोकाच्या मूल्यांचं संख्याशास्त्र वापरलं, म्हणजे लहान तुकड्यांवरच्या सर्वात खोल खड्ड्यांवरून मोठ्या क्षेत्रावरच्या सर्वात खोल खड्ड्याचा अंदाज. नदीच्या महापुराची पातळी ज्या गणिताने काढतात, तेच हे गणित. आपल्याकडे ते फारसं कोणी वापरत नाही याची मला खंत आहे. तीन नमुन्यांची सरासरी काढून रिपोर्ट देणं म्हणजे नेमकी जी जागा गळणार तीच झाकणं.

९.
पोलादाच्या नावावर किती भिस्त ठेवावी, हे एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर समजतं. पिटिंगला टिकण्याचा अंदाज देणारं एक सूत्र सगळ्यांच्या तोंडी आहे: क्रोमियमची टक्केवारी, अधिक मॉलिब्डेनमच्या ३.३ पट, अधिक नायट्रोजनच्या १६ पट. याला पीआरईएन म्हणतात. आता ३१६ एल च्या मर्यादा घ्या. क्रोमियम १६ ते १८, मॉलिब्डेनम २ ते ३, नायट्रोजन जास्तीत जास्त ०.१०. सगळं किमान धरलं आणि नायट्रोजन शून्य मानला तर उत्तर येतं २२.६. सगळं कमाल धरलं तर २९.५. दोन्ही पत्र्यांवर शिक्का एकच आणि सर्टिफिकेट दोघांचंही बिनचूक. मॉलिब्डेनम महाग, त्यामुळे बाजारातला माल खालच्या टोकाकडे झुकलेला असतो. २.०३, २.०५ असे आकडे मी रोज बघते.

साइटवर बंदुकीसारखं दिसणारं एक्स-रे यंत्र घेऊन फिरतात, त्याला पीएमआय गन म्हणतात. दोन सेकंदांत क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम पडद्यावर येतं. फार उपयोगाचं यंत्र आहे, मालाची अदलाबदल पकडायला त्याच्यासारखं काही नाही. पण त्याला नायट्रोजन दिसत नाही. २२०५ मध्ये नायट्रोजन ०.१७ टक्के असेल तर पीआरईएनमधले पावणेतीन गुण त्या गनला अदृश्य आहेत.

आणि समजा सगळी मूलद्रव्यं नीट मोजली, तरीही सूत्राला एक गोष्ट कळत नाही: ती मूलद्रव्यं पोलादात कुठे बसली आहेत. डुप्लेक्स ७०० ते ९५० अंशांच्या पट्ट्यातून सावकाश थंड झालं की सिग्मा नावाची ठिसूळ अवस्था तयार होते आणि ती आजूबाजूचं क्रोमियम-मॉलिब्डेनम आपल्याकडे ओढून घेते. पीआरईएन होता तोच राहतो. सिग्माच्या शेजारची पट्टी मात्र उघडी पडते. जाड प्लेटच्या मधल्या भागातून कापलेला असा एक नमुना २५ अंशांच्या फेरिक क्लोराइडमधून चोवीस तासांनी काढला तेव्हा त्याच्या छेदावर मधोमध खड्ड्यांची ओळच्या ओळ होती. वरची आणि खालची बाजू स्वच्छ. त्या प्लेटचा कागद मी पुन्हा वाचला. कागदात खोट काहीच नव्हती.

१०.
लोहचुंबकाने स्टेनलेस पारखता येत नाही. भांड्यांच्या दुकानात, भंगारवाल्याकडे, अगदी फॅब्रिकेशनच्या शेडमध्येही खिशातून चुंबक काढतात; चिकटला की माल हलका. २२०५ डुप्लेक्सला चुंबक घट्ट चिकटतो, कारण त्याचा साधारण निम्मा भाग फेराइट, म्हणजे चुंबकाला लागणारी अवस्था, असतो, आणि पिटिंगला ते ३१६ एल पेक्षा कितीतरी सरस आहे. उलट कमी निकेलचं, भरपूर मँगनीजचं २०० मालिकेतलं पोलाद चुंबकाला हुंगतही नाही आणि खाऱ्या हवेत लवकर डागाळतं. समुद्राकाठी नवं घर बांधणाऱ्या ओळखीच्यांना मी रेलिंगचं बिल नीट बघायला सांगते. त्यावर ३१६ लिहून घ्या, आणि पावसाळा सोडून उरलेल्या महिन्यांत ते गोड्या पाण्याने धूत जा, कारण पाऊस मीठ धुऊन नेतो आणि खरी खार चढते ती पावसाने पाठ फिरवल्यावर.

११.
गंधक किती थोडं असूनही किती मोठं ठरतं! पोलादातलं गंधक मँगनीजशी मिळून सल्फाइडचे कण बनवतं. लाटताना ते कण लांबट होतात आणि बहुतेक खड्डे त्यांच्याच कडेला धरतात. म्हणून पत्र्याच्या कापलेल्या कडेवर, जिथे हे तंतू तुटून उघडे पडतात, तिथे पिटिंग जास्त दिसतं आणि आम्ही कडेवरचे खड्डे वेगळे नोंदवतो. ३०३ मध्ये मशीनिंग सोपं जावं म्हणून गंधक मुद्दाम ०.१५ टक्क्यांच्या वर ठेवतात. ते कापायला लोण्यासारखं आणि खाऱ्या पाण्यात दुबळं. औषध कारखान्यांच्या नळ्यांत गंधक ०.००५ ते ०.०१७ टक्क्यांच्या दरम्यान बांधून ठेवलेलं असतं. अगदी शून्यही चालत नाही, कारण मग वेल्ड नीट वितळून पसरत नाही.

कण नेमकं काय करतात, यावर मात्र थोरामोठ्यांचं एकमत नाही. २००२ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या मेरी रायन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की या कणांभोवती क्रोमियम कमी झालेला अतिसूक्ष्म पट्टा असतो आणि खड्ड्याचं मूळ तिथे आहे. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात ओहायोच्या फ्रँकेल आणि सहकाऱ्यांनी कळवलं की त्यांनी शोधला तर तसा पट्टा मिळाला नाही. शंभर वर्षांहून जुना धातू, घराघरातला, आणि त्याचा पहिला खड्डा का पडतो यावर अशी खडाजंगी! हे दोन्ही निबंध मी नव्या मुलांना एकामागून एक वाचायला देते आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं म्हणणं ऐकते.

१२.
प्रयोगशाळेत येणारा तुकडा आणि साइटवरचा सांधा यांची भेट क्वचितच होते. तुकडा सपाट, १२० नंबरच्या कागदाने घासलेला, सॉल्व्हंटने पुसलेला. सांधा वेल्ड केलेला, त्याच्या दोन्ही अंगांना सोनेरी, मग तपकिरी, मग निळी झाक. ती झाक सुंदर दिसते. तिच्याखालच्या थरात क्रोमियम कमी झालेलं असतं. नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाची पिकलिंग पेस्ट लावून ती झाक आणि तिच्याखालचा तो दुबळा थर दोन्ही काढावे लागतात. त्याऐवजी घाईत साध्या लोखंडाच्या तारांचा ब्रश फिरवतात. सांधा चकाकतो आणि लोखंडाचे कण पृष्ठभागात रुतून बसतात. एका टाकीचे असे तुकडे माझ्याकडे आले होते. तोच हीट नंबर, म्हणजे एकाच ओतणीचं पोलाद, आणि तोच वेल्डर. पिकलिंग केलेला तुकडा स्वच्छ, ब्रश मारलेल्यावर वेल्डला समांतर टोच्यांची रांग. मिश्रधातूवर लाखो रुपये जास्त मोजायला तयार असणारी माणसं पेस्टच्या डब्यापाशी हात आखडता घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पेस्टमधलं आम्ल मात्र हाडापर्यंत जाणारं असतं, म्हणून ती लावणाऱ्याला चांगले हातमोजे, चेहऱ्यावर शील्ड आणि जवळ कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल दिल्याशिवाय ते काम सांगू नये. हे मी प्रत्येक रिपोर्टबरोबर तोंडी बजावते.

१३.
पिण्याचं पाणी पोलादालाही चालतं, असं गृहीत धरल्याने बऱ्याच टाक्यांची वाट लागते. आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत. ३०४, ३१६ सारख्या ऑस्टेनिटिक स्टेनलेसच्या हायड्रोटेस्टसाठी, म्हणजे पाणी भरून दाब देऊन गळती बघण्यासाठी, मात्र कित्येक स्पेसिफिकेशनांत ५० पीपीएमची मर्यादा घातलेली असते. टाकी बनते, जवळच्या बोअरचं पाणी भरतात, दाब देतात, गळती नाही, सगळे सह्या करतात. मग पाणी नीट काढत नाहीत. तळाला दोन बोटं राहिलेलं पाणी उन्हाळ्यात आटत जातं, क्लोराइड दाट होत जातो, गाळाखाली जिवाणू जमतात. टाकी सुरू व्हायच्या आधीच तिला खड्डे पडलेले असतात. अशा तळाचे तुकडे तपासताना पोलादात दोष शोधायचा दबाव असतो, कारण पोलाद देणारा बाहेरचा आणि पाणी भरणारे घरचे. सीपीटी मोजून बघावी तर ती जिथे हवी तिथेच येते.

१४.
'पास का फेल तेवढं सांगा' या वाक्याशी माझं भांडण संपलेलं नाही, पण त्याला उत्तर द्यायची रीत सापडली आहे. आकड्याशेजारी आम्ही आता सगळं लिहितो: कुठलं द्रावण, किती तास, किती अंश, पृष्ठभाग कसा घासला, घासल्यापासून किती वेळ हवेत ठेवला, नमुना लाटण्याच्या दिशेने कापला की आडवा, कडेवर खड्डे किती आणि अंगावर किती, सर्वात खोल कोणता. नमुन्यांचे सगळे आकडे देतो, सरासरी शेवटी. दोन्ही बाजूंचे फोटो जोडतो. सुरुवातीला एवढ्या पानांची लोकांना कटकट वाटायची. हल्ली रोह्याकडचे एक फॅब्रिकेटर दर ऑर्डरला स्वतःहून वेल्ड केलेला तुकडा पाठवतात, त्याच हीटचा, त्याच वेल्डरच्या हातचा, साइटवर वापरतात त्याच पेस्टने पिकल केलेला, आणि सोबत बाटलीभर पाणी, ज्याने ते हायड्रोटेस्ट करणार आहेत. मामा आधी पाण्यातला क्लोराइड मोजतात. तो जास्त निघाला तर तुकडा बाथमध्ये जायच्या आधीच मी त्यांना फोन लावते.